तुळशीच्या हजारो कुंड्या : प्लेग, इंदूर आणि १९१७ ची दिवाळी

१/२५
सन १९१७. होळकरांच्या इंदुरात प्लेगची दहशत आहे. हातात नकाशा घेतलेला, पांढऱ्या विस्कटलेल्या दाढीचा एक स्कॉटिश गृहस्थ गल्लीबोळांतून हिंडतो आहे. लोक त्याच्याकडे बोट दाखवून आपसांत कुजबुजतात. हे काय बोलत आहेत, असे तो सोबतच्या सहायकाला विचारतो. उत्तर मिळते : प्लेग घेऊन येणारा म्हातारा साहेब तो हाच, असे म्हणत आहेत.

२/२५
हे गृहस्थ म्हणजे पॅट्रिक गेडिस, आधुनिक नगररचनाशास्त्राच्या जनकांपैकी एक. ज्या शहराने त्यांना साथीचा दूत ठरवले, त्याच शहरातून त्या वर्षीच्या दिवाळीत त्यांनी एक अभूतपूर्व मिरवणूक काढली. तिच्या अखेरीस नागरिकांना वाटण्यात आल्या तुळशीच्या हजारो कुंड्या. शहरातील बागा, झाडे आणि नदीकाठ यांचा आराखडा नेमका कोणाच्या हातांनी सिद्धीस जातो, या प्रश्नाचे एक उत्तर त्या कुंड्यांत आहे.

३/२५
प्रथम त्या भीतीचे मूळ पाहू. १८९६ मध्ये प्लेग मुंबईत आला आणि लवकरच पुण्यात पोहोचला. १८९७ मध्ये पुण्यात सैनिकांकरवी घरझडत्या झाल्या. माजघरापासून देवघरापर्यंत सरकारी बूट शिरले, रोग्यांना घरातून हलवण्यात आले, सामानाची होळी झाली. २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे.

४/२५
मुंबईत प्लेगने दुसरे रूप घेतले. १८९८ मध्ये 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. दाट वस्त्यांतून हवा खेळावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढण्यात आले. दादर-माटुंग्याच्या वृक्षाच्छादित वसाहती हे याच ट्रस्टचे सुंदर अपत्य. परंतु ज्यांची घरे रस्त्यात गेली, त्या गोरगरिबांपैकी बहुतेकांच्या वाट्याला ती सावली आली नाही.

५/२५
त्यामुळे १९१७ पर्यंत सामान्य माणसाच्या लेखी नकाशा घेतलेला साहेब याचा अर्थ एकच होता : आता घर पाडले जाणार. इंदूरच्या लोकांची कुजबुज हे अज्ञान नव्हते. दोन दशकांच्या अनुभवातून निघालेला तो रोकडा निष्कर्ष होता. आणि गेडिस यांचे मोठेपण असे, की त्यांनी त्या कुजबुजीवर राग धरला नाही.

६/२५
गेडिस मूळचे नगररचनाकार नव्हेत. १८५४ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्म. बालपण पर्थजवळच्या टेकडीवरील घरात, वडिलांसोबत बागकाम करण्यात गेले. पुढे लंडनमध्ये थॉमस हक्स्ली यांच्याकडे जीवशास्त्राचे शिक्षण. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना दृष्टी तात्पुरती गेली आणि काही आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. सूक्ष्मदर्शकाचे काम पुढे मनासारखे करता येईना. १८८८ पासून ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

७/२५
वनस्पतिशास्त्रज्ञाची ही दृष्टी त्यांनी शहराकडे वळवली. रोपटे जसे माती, पाणी, ऊन यांच्याशी नाते जोडून जगते, तसेच शहरही आपला परिसर, व्यवसाय आणि माणसे यांच्या नात्यातून वाढते, असे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांचा आग्रह असे : आधी पाहणी, मग निदान, मग उपचार. उपचारही असा, की रोगी जिवंत राहिला पाहिजे.

८/२५
याचा पहिला प्रयोग एडिंबरोच्या जुन्या शहरात झाला. तेव्हा तो भाग कोंदट, गलिच्छ आणि बदनाम होता. गेडिस आणि त्यांच्या पत्नी ॲना यांनी तेथेच बिऱ्हाड केले. शेजाऱ्यांना सोबत घेऊन भिंती रंगवल्या, खिडक्यांत फुलझाडे लावली. पुढे १९०८ च्या सुमारास त्यांच्या मंडळींनी जुन्या शहरातील पडीक जागांची मोजदाद केली. सुमारे ७५ तुकडे निघाले, एकूण क्षेत्र जवळपास १० एकर!

९/२५
पाडलेल्या घरांच्या जागा, भिंतींमागचे कोपरे, उकिरडे : कोणाच्याही नजरेत न भरणारे हे १० एकर. त्यांतील अनेक तुकड्यांवर छोट्या छोट्या बागा उभ्या राहिल्या. त्यांच्या आखणीत गेडिस यांची कन्या नोरा अग्रभागी होती आणि निगा राखण्यात वस्तीतली मुले. येथे गेडिस एक गोष्ट शिकले. नुसती साफ केलेली जागा पुन्हा उकिरडा होते. जिथे कोणी रोप लावलेले असते, तिथे कचरा टाकताना मात्र हात अडखळतो.

१०/२५
१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडिस भारतात आले. जगभरच्या शहरांचे नकाशे आणि चित्रे यांचे त्यांचे भव्य प्रदर्शन 'क्लॅन ग्रँट' या जहाजातून मागाहून येत होते. पहिले महायुद्ध नुकतेच पेटले होते. 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवले. आयुष्यभराचा संग्रह समुद्रतळाशी गेला! मित्रांनी नवी सामग्री जमवून पाठवली आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरलेच.

११/२५
त्यानंतरच्या काही वर्षांत गेडिस यांनी भारतातील अनेक शहरांवर अहवाल लिहिले. मुंबई इलाख्यातील काही गावे, बडोदा, तंजावर, लाहोर ही त्यांतली काही. ते पायी हिंडत आणि सकाळीच बाहेर पडत. सरळ रेषेत वस्ती कापत जाणाऱ्या रुंद रस्त्यांचे प्रस्ताव ते खोडून काढत. असा रस्ता सावलीविना तापतो, धूळ उडवतो, प्रचंड पैसा खातो आणि बेघर झालेल्यांची गर्दी शेजारच्या आळीत लोटतो, असा त्यांचा आक्षेप असे.

१२/२५
त्यांच्या पर्यायाला त्यांनी नाव दिले होते 'राखून केलेली शस्त्रक्रिया'. पूर्ण आळी पाडण्याऐवजी दोनचार पडकी घरेच काढायची. मोकळ्या झालेल्या जागेत झाड लावायचे, बसायला जागा करायची, देऊळ वा विहीर असेल तर तिला मोकळा श्वास द्यायचा. मराठी माणसाला हे चित्र नवे नाही. गावातल्या पिंपळाखालचा पार म्हणजे दुसरे काय?

१३/२५
तळी आणि विहिरी यांबाबतही त्यांचा तत्कालीन आरोग्य अधिकाऱ्यांशी खटका उडे. डास होतात म्हणून तळी बुजवा, असा तेव्हाचा सरकारी खाक्या. गेडिस म्हणत, तळे स्वच्छ करा, त्यात मासे आणि बदके सोडा. डासांच्या अळ्या ती खातील. तळ्यामुळे हवेत गारवा राहतो, पावसाचे पाणी साठते आणि काठाला बाग होऊ शकते. एकदा बुजवलेले तळे मात्र परत आणता येत नाही.

१४/२५
१९१७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातले सर्वांत काळे वर्ष ठरले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलॅस्डेर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. ॲना तेव्हा भारतातच आजारी होत्या. गेडिस यांनी ती वार्ता त्यांच्यापासून लपवली आणि मुलाची जुनी पत्रे वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये लखनौ येथे ॲना गेल्या, मुलगा गेल्याचे न कळताच. एडिंबरोत पहिली फुलझाडे लावणारी सोबत संपली. हे दुःख उरात घेऊन ते इंदूरच्या कामात उतरले.

१५/२५
इंदूरची गादी तेव्हा तिसऱ्या तुकोजीराव होळकरांकडे होती. दरबाराने शहराच्या विकासाचा आराखडा करण्याचे काम गेडिस यांना दिले होते. पण लोक घाबरत असतील तर आराखडा कशाचा? गेडिस यांनी महाराजांकडे एक विलक्षण मागणी केली : मला एका दिवसापुरते महाराज करा! आणि तुकोजीरावांनी ती मान्य केली. दिवस ठरला दिवाळीचा.

१६/२५
मग शहरात दवंडी फिरली. यंदाची दिवाळीची मिरवणूक हिंदूंच्या नेहमीच्या मार्गाने जाणार नाही आणि मुसलमानांच्याही नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवर सर्वाधिक घरे दुरुस्त आणि स्वच्छ झालेली दिसतील, त्या रस्त्यांनी ती जाईल. मिरवणूक दारावरून जाणे म्हणजे घराला आशीर्वाद. हुकूम कोणावरच नव्हता, पण चुरस प्रत्येक आळीला लागली.

१७/२५
शहर झपाटल्यासारखे कामाला लागले. कचरा फुकट वाहून नेण्याची सोय केलेली होती. गेडिस यांच्याच कथनानुसार सहा हजारांहून अधिक गाड्या भरून केरकचरा शहराबाहेर गेला. उंदीर पकडण्याची मोहीम निघाली, भिंती लिंपल्या गेल्या, घरे रंगली. पुण्यात जे काम सैनिकांनी दारे ढकलून केले होते, ते येथे घरमालक स्वतः दार उघडून करत होता. रोग तोच होता आणि मधे वीस वर्षे गेली होती.

१८/२५
दिवाळीचा दिवस उजाडला. अग्रभागी संस्थानचे वैभव : वाद्ये, घोडदळ, तोफा, हत्ती. मागोमाग शेती आणि व्यापार यांचे देखावे, आणि समृद्धीची देवता लक्ष्मी. मग एकाएकी सूर बदलला. कर्कश वाद्यांच्या गलक्यात मोडकळीस आलेल्या घरांच्या प्रतिकृती आल्या. त्यांच्यामागे घाणीचा महाकाय राक्षस, आणि प्लेगचा प्रचंड उंदीर, अंगभर पिसवांसह! नरक चतुर्दशीला पायाखाली कारिट चिरडणाऱ्या मराठी घरांना या रूपकाचा अर्थ सांगण्याची गरज नव्हती.

१९/२५
त्यानंतर आले शहराचे सफाई कामगार. शुभ्र नवे कपडे, गळ्यात फुलांचे हार, रंगवलेल्या गाड्या, सजवलेले बैल. डोक्यावर नवे पागोटे, आणि त्याचा रंग तोच, जो नगराध्यक्षांच्या आणि खुद्द एका दिवसाच्या 'महाराजां'च्या पागोट्याचा होता. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानणारा तो काळ, त्यांना शहराच्या मुख्य मिरवणुकीत मानाचे स्थान मिळाले. एका दिवसाने जातिव्यवस्था हलली नाही. पण प्लेगशी खरी लढाई कोण लढते, हे त्या दिवशी सर्वांसमोर मांडले गेले.

२०/२५
त्यांच्यामागे एक नवीच देवता होती : इंदूरची नगरदेवता. तिच्या ध्वजावर शहराचा नकाशा काढलेला होता आणि नियोजित बदल लाल रेषांनी दाखवले होते. कचेरीत बासनात राहणारा आराखडा असा रस्त्यावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर आला. पाठोपाठ गवंडी, रंगारी, कुंभार यांचे देखावे. आणि मग बागा : फुलांनी, फळांनी लदलेल्या गाड्या, आणि त्यांवरून लोकांना वाटल्या जाणाऱ्या तुळशीच्या रोपांच्या हजारो कुंड्या.

२१/२५
तुळसच का? विलायती फुलझाडांचे ताटवे तेव्हा प्रतिष्ठेचे मानले जात. पण वनस्पतिशास्त्रज्ञ गेडिस यांना तुळशीत नीटनेटक्या भारतीय घराचे प्रतीक दिसले. ती इथल्या मातीत सहज रुजते, जागा फार मागत नाही, तिला रोज पाणी घालण्याचा संस्कार आधीच घरात असतो आणि तिच्या भोवतीची जागा झाडून-सारवून ठेवावीच लागते. एडिंबरोच्या उकिरड्यांवर जे वर्षानुवर्षे शिकवावे लागले, ते इथल्या गृहिणीला आधीच ठाऊक होते. सार्वजनिक बागेची सुरुवात त्यांनी प्रत्येकाच्या अंगणातून केली.

२२/२५
अखेरीस राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले, दारूकाम झाले. पुढे साथ ओसरली. प्लेगचा मोसम त्या सुमारास सरतच होता, हे गेडिस यांनीही मान्य केले आहे. सफाईचाही त्यात वाटा होता, एवढाच त्यांचा दावा. मोठा बदल निराळाच होता. 'प्लेग आणणारा साहेब' आता लोकांना आपला वाटू लागला होता. १९१८ मध्ये त्यांचा इंदूरवरील दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. खान आणि सरस्वती या नद्यांच्या काठांवर उद्याने, जुन्या विहिरींचे जतन, ग्रंथालय, विद्यापीठ असा त्याचा विस्तार. सांडपाणी आणि मैला नदीत न सोडता मातीला द्यावा, त्यावर बागा फुलवाव्यात, हे त्याचे एक मुख्य सूत्र.

२३/२५
योगायोग असा, की १९२४ मध्ये याच इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' ही संस्था उभारली. काडीकचरा, शेण आणि माती यांपासून खत करण्याची 'इंदूर पद्धत' येथेच सिद्ध झाली. १९३१ मध्ये तिच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा सहलेखक होते यशवंत वाड. शेतकी शाळेत इंदूर, बंगलोर, नाडेप या कंपोस्ट पद्धती पाठ करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना हे नाव क्वचितच सांगितले जाते. गेडिस स्वतः १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांनीच पुढील अभ्यासासाठी इंग्लंडला जाण्यास निवडले, आणि पुढे घुर्ये यांनी तो विभाग घडवला. १९३२ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे गेडिस यांचे निधन झाले.

२४/२५
यश मात्र अपुरेच राहिले. इंदूरच्या आराखड्याचा मोठा भाग कागदावर राहिला. ज्या नदीकाठी गेडिस यांनी बागा कल्पिल्या, ती खान नदी, आजची कान्ह, विसाव्या शतकात शहराचे सांडपाणी वाहत नाल्यासारखी झाली. ते अहवालही दुर्मीळ झाले. १९४७ मध्ये त्यांतील निवडक भागांचे पुस्तक निघाले, तेव्हा कुठे नव्या पिढीला त्यांची ओळख झाली. मिरवणूक एका दिवसाची होती, नदीला मात्र रोजची निगा लागते. तुळशीला पाणी घालणारे हात घरात होते, नदीसाठी तसे हात ठरवून दिलेले नव्हते.

२५/२५
त्या दिवाळीनंतर बरोबर १०० वर्षांनी, २०१७ मध्ये, इंदूर प्रथमच देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले. दोन्ही घटनांना सरळ धाग्याने जोडणे इतिहासाला धरून होणार नाही. पण घरोघरच्या सहभागाविना दोन्ही अशक्य होत्या, एवढे निश्चित. महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाने शहरांत वृक्ष प्राधिकरण आणले, दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितली आणि झाड तोडण्यापूर्वी नागरिकांना हरकत नोंदवण्याचा हक्क दिला. रस्त्याकडेच्या खोडावर चिकटवलेली ती कागदी नोटीस अनेकांनी पाहिली असेल. १९१७ मध्ये आराखडा ध्वजावर रंगवून लोकांसमोर न्यावा लागला होता. आज तो खोडावर लावलेला असतो, आणि हरकतीची मुदत संपण्याआधी तो थांबून वाचावा लागतो.